ग्रीन कार्डाची वाट

गेल्या महिन्यांत उमरेडास एका परिचित कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. घरांत आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची तयारी चालली होती; परंतु अमेरिकेंतील धाकट्या चिरंजीवांनीं "येणें जमत नाहीं" असें कळविल्यामुळें सर्वांचीं मनें खट्टू झालीं होतीं. "तेरा वर्षें झालीं, अजून कागद होत नाहींत म्हणतो! आमच्या कोळशाच्या खाणींतलीं माणसेंसुद्धां इतक्या काळांत कायम होतात," असें आजोबा म्हणाले. मुलाला घरची ओढ उरली नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष. ही समजूत पुष्कळ घरांत आढळते, म्हणून हा विषय येथें घेतला आहे.

ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. नोकरीच्या मार्गानें तो मिळवावयाचा तर प्रारंभ नोकरानें नव्हे, मालकानें करावयाचा असतो. या जागेसाठीं लायक व राजी असा अमेरिकन माणूस मिळत नाहीं, हें त्यानें तेथील मजूरखात्यास पटवावयाचें. २००७ पासून त्याचा खर्चही मालकानेंच सोसावा असा नियम आहे. मग मालकाची मागणी इमिग्रेशन खात्याकडे जाते. खरी रांग त्यापुढें. नोकरीच्या वर्गांत वर्षाला सुमारें १,४०,००० कार्डें, त्यांतच बायकामुलेंही मोजावयाचीं, आणि कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांस साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक नाहींत! इवल्याशा आइसलंडला जी मर्यादा, तीच भारताला. मजूरखात्याकडे अर्ज पडला ती तारीख हाच रांगेंतला नंबर. सामान्य पदवीधर भारतीयास त्यासाठीं दहा वर्षांहून अधिक थांबावें लागतें. नोकरी बदलली तर पहिल्या दोन पायऱ्या पुन्हां चढाव्या लागतात; मात्र दुसरी पूर्वीं मंजूर झाली असल्यास जुनी तारीख बहुधा टिकते.

तोंवर एच-१बी व्हिसावर दिवस काढावयाचे. मुदत एकूण सहा वर्षांची; दुसरी पायरी मंजूर असेल तर २००० च्या कायद्यामुळें पुढें तीन-तीन वर्षांनीं वाढते. पण नोकरी सुटली तर हातीं फार तर साठ दिवस. शिवाय घरीं येऊन परत जावयाचें तर मुंबईच्या वकिलातींत नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि मुलाखत लांबली तर माणूस इकडे व संसार तिकडे! चिरंजीवांची अडचण हीच होती. त्यांनीं ती घरीं स्पष्ट कां लिहिली नाहीं, हा दोष मात्र त्यांचा.

त्याहून मोठी चिंता नातवाची. तो नागपुरास जन्मला, सहाव्या वर्षीं तिकडे गेला, आज एकोणीस वर्षांचा आहे. एकविसाव्या वर्षीं तो बापाच्या अर्जांतून गळेल. २००२ च्या कायद्यानें मालकाची मागणी खात्यांत पडून राहिली तेवढे दिवस वयांतून वजा होतात. पण ते किती, सारे महिनेच! धाकटी बहीण तेथें जन्मलेली म्हणून जन्मतःच नागरिक, आणि भावानें विद्यार्थी म्हणून निराळा परवाना मागावयाचा. हें ऐकून आजी बराच वेळ बोलल्या नाहींत.

आतां घरच्यांस करतां येण्याजोगें एक काम. शेवटच्या अर्जास जन्माचा दाखला लागतो. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा. तरी त्यानंतरही कित्येक नोंदींत "मुलगा" एवढेंच लिहिलेलें, नांव नाहीं. कोठें नोंदच नसते. अशा वेळीं नोंद नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांचीं प्रतिज्ञापत्रें लागतात. तीं देणारीं माणसें थकत चाललीं आहेत, हें मुलांस सांगण्याचें धैर्य होत नाहीं.

या घरीं पेटी उघडली तेव्हां चिरंजीवांच्या दाखल्यावर नांवाची जागा कोरी निघाली. बाळंतपणाच्या वेळीं हजर असलेल्या आत्याबाई भिवापुरास असतात. दुसऱ्याच दिवशीं आजोबा काठी घेऊन नगरपरिषदेंत जावयास निघाले, आणि आत्याबाईंना आणावयास थोरल्या मुलानें मोटार काढली.