अठरावे होल आणि आपले गायरान

गोल्फ हा धनिकांचा खेळ आणि गायरान ही गरिबांची गरज. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न हिमायतनगरसारख्या तालुक्यातील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु या खेळाचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’चा इतिहास हा मुळात एका सामाईक जमिनीचाच इतिहास आहे.

या मैदानाचे अठरावे, म्हणजे अखेरचे होल अवघे साडेतीनशे यार्डांचे. वाटेत स्विल्कन ओढ्यावर एक चिमुकला दगडी पूल लागतो. मेंढपाळांना जनावरे पलीकडे नेता यावीत म्हणून काही शतकांपूर्वी तो बांधला गेला. त्याच पुलावर उभे राहून १९९५ साली अर्नोल्ड पामरने आणि २००५ साली जॅक निकलसने ब्रिटिश ओपन स्पर्धेचा निरोप घेतला. या होलला नाव आहे ते टॉम मॉरिसचे. १८६४ पासून जवळजवळ चार दशके मैदानाची निगा राखणाऱ्या खेळाडूचे. होलला छेदून सार्वजनिक रस्ता जातो आणि मोठ्या स्पर्धा वगळता रविवारी खेळ बंद राहून गावकरी तेथे फिरावयास येतात.

हे सारे आपोआप टिकलेले नाही. १५५२ च्या सनदेने नागरिकांचा हक्क मान्य केला होता. तरीही कर्जबाजारी नगरपालिकेने १७९७ मध्ये ही जमीन हातची घालविली आणि सशांची पैदास करणारे व्यापारी तेथे शिरले. नागरिकांना न्यायालयात झगडावे लागले. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने जमीन विकत घेतली, तेव्हा खेळ वाचला. पुढे १८९४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि १९७४ मध्ये कारभार विश्वस्त मंडळाकडे आला.

आपल्याकडेही सातबाऱ्यावर गायरानाची नोंद असते. पण तिला राखणदार नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश देताना, शासनाने भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद मान्य केले. पोटासाठी दोन एकर कसणारा आणि बळाच्या जोरावर कुंपण घालणारा यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हा विवेक त्यात आहे.

तेव्हा ग्रामसभांनी गायरानाची मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड रोवावेत, वापराचे नियम ठरवावेत आणि त्यांच्या पालनाची जबाबदारी नेमून द्यावी. सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांनी आपला हक्क सोडला असता, तर मेंढपाळांचा तो पूल आज कोणाच्या तरी खाजगी कुंपणाआड असता.