मूर्तीकडे पाठ

श्रीलंकेला जायचे म्हणून आम्ही वस्तीतल्या बारा जणांनी दोन वर्षे भिशी लावली. अनुराधापूरला पोहोचलो आणि फोटोसाठी बुद्धमूर्तीकडे पाठ करून ओळीने उभे राहिलो! पांढऱ्या साडीतल्या एका आजीबाईंनी हातानेच 'वळा' म्हणून खुणावले. तिथे तो अनादर समजतात. त्रिसरण-पंचशील आम्हाला तोंडपाठ, पण एवढी साधी गोष्ट ठाऊक नव्हती.

त्या दिवशी वैशाख पौर्णिमा. तिकडे दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, दारूविक्री बंद. संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेल्या झाडाजवळ माणसे भुईवर बसून गाथा म्हणत होती. बाहेर रस्त्यावर पोरांनी 'दन्सल' मांडलेले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण. आम्हीही रांगेत बसलो. भात वाढला. कोण, कुठले, कुणीच विचारले नाही. आमच्यातल्या एका म्हाताऱ्याला घास गिळवेना.

परतल्यावर मंडळाच्या बैठकीत आम्ही म्हटले, यंदा डीजेचे पैसे अर्धे करा, वाटसरूंना जेवू घाला. पोरे हसली. "काका लंकेहून आले!" तेवढ्यात आमच्या घरच्या उठल्या. "दहा किलो तांदूळ माझे."

बैठक गप्प. मग मागून एका पोराने विचारले, "डाळीचं कोण बघणार?"