शेतावरील मुलांसाठी मदत अपघातानंतरच

नवी दिल्ली : महाराष्ट्रात २०२३ पासून लागू असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, विजेचा धक्का वा कीटकनाशकाच्या विषबाधेने मृत्यू ओढवल्यास २ लाख रुपये मिळतात. मात्र वयाची अट १० ते ७५ वर्षांची आहे. साहजिकच उघड्या विहिरीकाठी खेळणारे पाच वर्षांचे मूल तिच्या कक्षेत येत नाही; भूमिहीन ऊसतोड मजुराचे तर मुळीच नाही. अमेरिकेतील मार्शफील्ड येथील राष्ट्रीय केंद्र बालकांच्या शेतसुरक्षेच्या प्रयोगांना छोटी अनुदाने देते. विहिरीवरील जाळी किंवा कीटकनाशकाच्या पेटीचे कुलूप यांना मोठा निधी लागत नाही. परंतु राज्याच्या या योजनेत दावा दाखल होतो तो मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावरच.