सुताला दमट हवा, माणसाला पत्रा



गिरणीत सुताचे फार लाड. हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं. म्हणून मागखात्यात पाण्याचे फवारे मारून हवेतला दमटपणा ७० ते ८० टक्क्यांवर धरतात. त्यासाठी मीटर असतो, काटा खाली आला की साहेब धावतो. त्याच हवेत आमचा घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग निवत नाही. शिफ्ट सुटली की आम्ही घरी येतो, आणि घरावर पत्रा! तिथं काटा बघायला कोण येतो?

पत्रा म्हणजे काय ते समजून घ्या. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं लोखंड. वरून ऊन लागलं की धग लगेच खालच्या अंगाला. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पत्रा ६० च्या पुढं तापतो आणि खाली बसलेल्याला भाजतो. थंडीत पहाटे उलटं. उघड्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षा गार पडतो. आपल्याच श्वासाची, आपल्याच भाताची वाफ त्याला आतून लागते, तिचं पाणी होतं, आणि ते लेकराच्या अंथरुणावर ठिबकतं. पाऊस नसताना घर गळतं ते असं.

आता पाटलाच्या वाड्याची भिंत बघा. हातभराहून जाड, मातीची. दुपारचं ऊन आत पोचायला १०-१२ तास लागतात. तोवर रात्र होते, बाहेर गारवा येतो. हे कोरड्या मुलखाला ठीक. मुंबई-कोकणात रात्रही निवत नाही. तिथं जाड भिंत तापते ती तापलेलीच राहते. तिथं उतरतं कौलारू छप्पर पाहिजे, आरपार वारा पाहिजे. प्रत्येक मुलखाचं घर वेगळं. पत्रा मात्र दोन्हीकडे सारखाच नालायक, आणि दोन्हीकडे आमच्याच डोक्यावर.

काही पांढरपेशे हल्ली मातीच्या घराचे गोडवे गातात. त्यांना विचारा, कुणाच्या मातीच्या? जाड भिंत वाड्याला होती. गावकुसाबाहेर कुडाची खोपटं होती. ऊन जात विचारत नाही, पण भिंतीची जाडी जातीनंच ठरली. आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या त्याच जड भिंती नि धाबी हजारो माणसांवर कोसळली. तेव्हा मातीची पूजा नको. बाबासाहेबांनी आपल्याला पूजा नाही, विचार करायला शिकवलं.

रमाईच्या नावानं घरकुल मिळतं, २६९ चौरस फुटांचं. आपण चौरस फूट मोजतो. छप्पर का मोजत नाही?

अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं मेली. तेव्हा कुठं २०१३ साली तिथल्या महापालिकेनं उष्णतेचा आराखडा केला. पुढं गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवली. पांढरं छप्पर ऊन परतवतं, एवढं साधं आहे ते. पण मढी मोजून झाल्यावर सुचलं.

आपण मढी पडायची वाट बघायची नाही. वस्तीत बैठक घ्या. नगरपालिकेवर जा. मागणी लिहून द्या: पत्र्याला वरून पांढरा रंग, खाली वीतभर पोकळी सोडून दुसरं छत, पोकळीतली गरम हवा जायला वाट, समोरासमोर दोन खिडक्या. नव्या घरकुलावर पत्रा चालणार नाही. भीक नाही ही, हक्क आहे. सुतासाठी जे कळतं ते माणसासाठी कळत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला एक मे महिना आपल्या पत्र्याखाली झोपवा.

जय भीम!