दूरचे पाठ, जवळचे सपाट

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी एक साधा प्रश्न विचारला होता, ‘निर्णायक लढाई कोणत्या लढाईला म्हणावे?’ भराभर उत्तरे आली. कोणी पानिपत म्हणाले, कोणी प्लासी, कोणी वॉटर्लू. मागच्या बाकावरून एकाने पाव्हियाचे नाव घेतले आणि सरांची शाबासकी मिळविली. बाळापूरचे नाव मात्र कोणी घेतले नाही. न घेणाऱ्यांत मीही होतो, आणि माझे घर बाळापूरच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या दिवसापासून हा विषय मनात घोळत राहिला. तोच येथे मांडतो.

प्रथम पाव्हियाचेच पाहू. इटलीतील या गावाजवळ २४ फेब्रुवारी १५२५ रोजी फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांच्या फौजा एकमेकींना भिडल्या. व्हाल्वा आणि हॅब्सबर्ग या दोन राजघराण्यांचे हे हाडवैर होते. बंदूकधारी पायदळापुढे फ्रान्सच्या चिलखती घोडेस्वारांचा टिकाव लागला नाही आणि खुद्द राजा कैद झाला. एखादी लढाई याहून निर्णायक ती काय असणार? पण पुढे काय झाले? जानेवारी १५२६ मध्ये माद्रिदच्या तहावर सही करून, आपली दोन मुले ओलीस ठेवून फ्रान्सिस सुटला आणि सुटताच त्याने तह मोडला. युद्ध पुन्हा पेटले. १५२७ मध्ये सम्राटाच्याच पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटले. ही इटालियन युद्धे संपायला १५५९ साल उजाडावे लागले. म्हणजे जी लढाई आपण ‘निर्णायक’ म्हणून पाठ करतो, तिने लावलेला निकाल फार काळ टिकला नाही!

यावरून मला एक कसोटी सुचते. रणांगणावर कोण पडला, कोण पळाला, एवढ्यावर लढाईची निर्णायकता ठरवू नये. त्या लढाईनंतर माणसे कोणाच्या अमलाखाली जगली, सारा कोणाला भरू लागली आणि हे किती काळ चालले, यावरून ती ठरवावी. या कसोटीला आपल्या उंबरठ्यावरची लढाई कशी उतरते, ते आता पाहू.

१७२० मध्ये दिल्लीच्या दरबारात सय्यद बंधूंचा शब्द प्रमाण होता. बादशहा बसवावेत आणि उतरवावेत, इतकी त्यांची सत्ता. धाकटा भाऊ हुसेन अली हा दक्षिणेचा सुभेदार. तो स्वतः उत्तरेत असल्यामुळे औरंगाबादेस त्याचा पुतण्या अलम अलीखान नायब म्हणून कारभार पाहत होता. माळव्याचा सुभेदार निजामुल्मुल्क हा सय्यदांच्या मनातून उतरलेला होता. आपल्यावर पाळी येणार हे ओळखून त्याने नर्मदा ओलांडली, असीरगड आणि बऱ्हाणपूर हाती घेतले आणि पाठलागावर आलेल्या दिलावर अलीखानाला १९ जून रोजी खांडव्याच्या बाजूस गाठून ठार केले. आता त्याच्यासमोर उरला होता फक्त अलम अली.

अलम अलीचे वय वीस-बावीस. आपल्या बी. ए. फायनलच्या वर्गात शोभावा असा पोरगाच तो! त्याच्या मदतीला शाहू महाराजांच्या मराठी फौजा होत्या, आणि त्याला कारण होते. आदल्याच वर्षी, १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा दिल्लीहून आणल्या होत्या आणि त्या सय्यदांच्या जोरावरच मिळाल्या होत्या. सय्यद गेले तर सनदांचे काय, हा प्रश्न साताऱ्यापुढे होता. मराठी सरदारांचा सल्ला शहाणपणाचा होता. मागे सरा, उत्तरेतून हुसेन अलीची कुमक येईपर्यंत वाट पाहा, तोवर आम्ही गनिमी काव्याने निजामाला हैराण करतो, असे त्यांचे म्हणणे. माघार घेणे अलम अलीला कमीपणाचे वाटले. त्याने ऐकले नाही.

दिवस पावसाळ्याचे होते. पूर्णेला पूर होता. श्रावणातली पांदण ज्याने एकदा तुडविली आहे, त्याला आपल्या काळ्या मातीत तोफांचे गाडे ओढणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. निजामाच्या छावणीत चिखल, दाणागोट्याची टंचाई आणि भोवती मराठी स्वारांच्या घिरट्या, असे हाल चालले होते. तरीही उतार शोधून त्याने नदी ओलांडली आणि १० ऑगस्ट १७२० रोजी बाळापूरजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या.

लढाईचे वर्णन खाफीखान या इतिहासकाराने केले आहे. अंगात बाण रुतल्यामुळे अलम अलीचा हत्ती माघारी वळला, तेव्हा रक्ताने न्हालेल्या त्या तरुणाने अंबारीत तोंड फिरवून शत्रूकडे पाहिले आणि पाठ फिरविली ती हत्तीने, मी नव्हे, असे ओरडून सांगितले. भात्यातले बाण संपले तेव्हा स्वतःच्या अंगात घुसलेले बाण उपसून तो तेच शत्रूवर सोडू लागला. अखेर तो पडला. हा खाफीखान पुढे निजामाच्याच पदरी होता, हे लक्षात घेतले म्हणजे शत्रूच्या गोटातून आलेल्या या प्रशस्तीचे मोल कळते.

मराठ्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत दमाजी गायकवाड होते. या लढाईतील पराक्रमाबद्दल शाहू महाराजांनी त्यांना ‘शमशेर बहादूर’ हा किताब दिला. बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या वैभवाची पहिली पायरी बाळापूरच्या चिखलात रोवली गेली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

आता परिणाम पाहा. पुतण्याचा सूड घेण्यासाठी हुसेन अली बादशहाला बरोबर घेऊन दक्षिणेकडे निघाला आणि ऑक्टोबरमध्ये वाटेतच त्याचा खून झाला. पुढच्याच महिन्यात हसनपूरच्या लढाईत थोरला भाऊ कैद झाला. बादशहा घडविणारे घराणे बाळापूरनंतर चार महिन्यांत मातीला मिळाले. ४ जानेवारी १७२१ रोजी नवे पेशवे बाजीराव चिखलठाण्यास निजामाला भेटले आणि पालखेडपर्यंत पोचणाऱ्या लांबलचक संघर्षाला तोंड फुटले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम दक्षिणेचा धनी झाला तो कायमचाच. त्याच्या वंशाची सत्ता १९४८ पर्यंत चालली.

आणि वऱ्हाडचे काय झाले? या सुपीक मुलखावर निजामाचाही हक्क आणि नागपूरकर भोसल्यांचाही. कुणब्याच्या खळ्यावर दोन धन्यांची माणसे येऊन उभी राहू लागली. हीच ती दोअमली. १८०३ मध्ये अडगावच्या लढाईत आणि गाविलगडावर इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला, तेव्हा वऱ्हाड एकट्या निजामाकडे गेले. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांनी ते कारभारासाठी घेतले. पण नावाची मालकी उरलीच. १९३६ मध्येसुद्धा हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. एका पावसाळी दिवसाच्या निकालाची सावली दोनशे वर्षांहून अधिक काळ आपल्या आज्या-पणज्यांच्या डोक्यावर होती. याला निर्णायक नाही म्हणायचे, तर कशाला म्हणायचे?

मग ही लढाई आपण विसरलो का? मला वाटते, तिला कोणी वाली नव्हता म्हणून. मोगलांच्या इतिहासकाराला ती घरातली भाऊबंदकी वाटली. मराठ्यांच्या इतिहासात ती दुसऱ्याच्या बाजूने लढून हरलेली लढाई. पानिपतही आपण हरलो, पण तेथे आपलेच भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले, म्हणून ते काळजात रुतून बसले. येथे पडला तो बारहाचा सय्यद. त्याच्यासाठी पोवाडा कोण गाणार?

कोणी म्हणेल, हा गावाचा फाजील अभिमान झाला. उद्या प्रत्येक खेडे आपापली लढाई घेऊन उभे राहील. मला ते मान्य नाही. पाव्हिया पुस्तकातून काढून टाका, असे मी म्हणत नाही. उलट, पाव्हिया वाचली म्हणूनच बाळापूर मोजायचे माप मला मिळाले. तक्रार आहे ती आपल्या सवयीची. छापलेले पाठ करायचे आणि डोळ्यांसमोरचे तपासायचेच नाही, ही ती सवय.

एकच उदाहरण देतो. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा आपला किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ मध्ये बांधायला घेतला, असे छापलेले सर्रास वाचायला मिळते. पण आझमशहा जून १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत मारला गेला होता! मेलेल्या माणसाने चौदा वर्षांनी पाया कसा घातला, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडला? किल्ला पुरा केला तो १७५७ मध्ये एलिचपूरच्या इस्माईलखानाने, म्हणजे निजामाच्या अमलात. तेव्हा ही लढाई समजून घेतल्याशिवाय आपण रोज ज्या तटाखालून जातो तो तटही समजणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या इतिहास मंडळाने दरवर्षी १० ऑगस्टला एक व्याख्यान ठेवावे. खाफीखानाने जे लिहिले त्याचे मराठीत वाचन व्हावे. किल्ल्याच्या सनावळीचा घोळ विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावा. आणि पुढच्या वर्षी सरांनी तोच प्रश्न विचारला, तर मागच्या बाकावरून पाव्हिया म्हणणाऱ्याच्या शेजारी बाळापूर म्हणणाराही कोणी बसलेला असावा. शाबासकी दोघांनाही मिळायला हरकत नाही!