खेळ सुटल्यावर कोण विचारतं?

आमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूजर्सीत उन्हाळ्याच्या दिवसांत आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. २०२५ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पुण्यात माझा सकाळचा चहा आणि ताईचा फोन एकाच वेळी येत. विषय एकच. भाचीनं बारावीनंतर कोणत्या कॉलेजात जायचं?

भाची पोहते. ब्रेस्टस्ट्रोक हा तिचा प्रकार. पहाटे साडेचारला उठून तलाव, तिथूनच शाळा, संध्याकाळी पुन्हा तलाव, असा सात वर्षांचा नेम. तिच्या शर्यतींच्या वेळा बघून दोन ठिकाणच्या कोचनी तिला आपल्या संघासाठी विचारलं होतं. एक विद्यापीठ आयव्ही लीगच्या आठांपैकी. नाव घेतलं की आमच्या सोसायटीतले आजोबासुद्धा मान डोलावतील असं. दुसरं न्यू इंग्लंडमधल्या एका गावातलं, दोनेक हजार विद्यार्थ्यांचं छोटं कॉलेज. त्याचं नाव मी तोवर ऐकलेलंही नव्हतं.

"मग स्कॉलरशिप कोण किती देतंय?" मी विचारलं. ताई हसली. "कुणीच नाही रे. दोन्हीकडे पोहण्यासाठी एक डॉलरही मिळत नाही."

मला हे नवं होतं. अमेरिकेत खेळाडू म्हणून बोलावलं म्हणजे शिक्षण फुकट, अशी आपली समजूत असते. पण आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी १९४५ साली फुटबॉलपुरता आणि १९५४ साली सगळ्याच खेळांसाठी करार करून खेळाची शिष्यवृत्ती बंद ठेवली. पुढे १९७३ मध्ये कॉलेजांच्या क्रीडासंघटनेनं तीन श्रेणी केल्या. त्यांतल्या तिसऱ्या श्रेणीतही, जिच्यात आज चारशेहून अधिक कॉलेजं आहेत, हाच नियम आहे. आयव्हीत आर्थिक मदत मिळते ती आईबापांची मिळकत बघून. तिसऱ्या श्रेणीत काही ठिकाणी हुशारीवरही मिळते. खेळावर नाही.

मग कोच देतो काय? शब्द. तो मुलीचे गुण आणि प्रगतिपुस्तक प्रवेश कार्यालयाला आधी दाखवतो आणि 'ही मला हवी आहे' असं सांगतो. प्रवेश देणं मात्र त्याच्या हातात नसतं. त्या शब्दाच्या बदल्यात मुलीनं आपल्याचकडे लवकरचा अर्ज करावा, अशी त्याची अपेक्षा असते, आणि पुष्कळ ठिकाणी असा अर्ज बांधून घेणारा असतो: प्रवेश मिळाला तर यायचंच. अशी मुदत बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास संपते. तोवर मुलीनं मन पक्कं केलं नाही, तर कोच यादीतल्या पुढच्या मुलीला फोन करतो. सतरा वर्षांच्या पोरीनं दोन दारांपैकी एक स्वतःच्या हातानं लावून घ्यायचं, आणि दुसरं उघडेल की नाही हे डिसेंबरात कळणार.

भावोजींचा कौल आयव्हीला होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नाव मोठं, पुढे नोकरीला उपयोगी. शिवाय मिळकत तीच असूनही दोन्हीकडे मदतीचा हिशेब वेगळा निघाला होता. छोट्या कॉलेजात वर्षाला सहा हजार डॉलर जास्त भरावे लागणार होते. चार वर्षांचे चोवीस हजार. "कमी प्रसिद्ध जागेसाठी जास्त पैसे मोजायचे, हे कुठलं शहाणपण?" असं ते म्हणत. ताईचं म्हणणं, मोठ्या विद्यापीठात ही चौथ्या नंबरची ब्रेस्टस्ट्रोकवाली. शर्यतीला उतरवतील की नुसतंच काठावर टाळ्या वाजवायला बसवतील?

तिसरा रस्ताही निघाला होता: एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीशिवाय जायचं. पण जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. त्यात सामील होणाऱ्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, आणि त्याचबरोबर प्रत्येक खेळाच्या संघात किती जण असावेत यावर मर्यादा आली. संख्या कमी करायची म्हटल्यावर शिष्यवृत्ती नसलेल्यांवरच आधी कुऱ्हाड. आयव्ही लीगनं त्या वर्षीच्या जानेवारीतच आपण यात नसल्याचं सांगितलं होतं. तिसरा रस्ता ताईनं तिथेच सोडून दिला.

एके दिवशी भाचीनंच फोन घेतला. "मामा, तू पण कबड्डीसाठी कॉलेज निवडलं होतंस ना? मग सांग."

सांगायला मला फारसं आवडत नाही, पण सांगितलं. बारावीनंतर मला फिजिक्स शिकायचं होतं आणि त्यासाठी चांगलं कॉलेज घरापासून सायकलच्या अंतरावर होतं. तेवढ्यात दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक घरी आले. फी माफ, वसतिगृह फुकट, दोन वेळचं जेवण. वडिलांची मिल बंद होती. त्यांनी सरांना चहा दिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी गेलो. फिजिक्सला जागा नव्हती, म्हणून जो विषय मिळाला तो घेतला. दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात गुडघा गेला. जूनमध्ये परतलो तर फीची पावती हातात आली आणि माझ्या खाटेवर नव्या चढाईपटूची वळकटी होती. कुणी वाईट वागलं नाही. सौदाच तसा होता. वाईट एवढंच वाटलं, की त्यानंतरच्या वर्षभरात मला हाक मारणारं त्या कॉलेजात कुणी नव्हतं.

"तुला कुणी पैसे देत नाही," मी तिला म्हटलं, "म्हणजे तुझी खाट कुणी काढून घेऊ शकत नाही. खांदा दुखावला, कंटाळा आला, तरी प्रवेश तुझाच आणि मदत तुझ्या घरच्या मिळकतीवरची. तेव्हा कोच किती गोड बोलतो ते पाहू नकोस. दोन्हीकडे जाशील तेव्हा एकच विचार: ज्यांनी मधेच पोहणं सोडलं, त्या मुली आता कुठे आहेत?"

तिनं खरोखर विचारलं. पहिल्या ठिकाणी कोच सज्जन होता; त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की गेल्या वर्षी दोघी सोडून गेल्या, पुढचं माहीत नाही. संघातल्या मुलींनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी सकाळी सहाच्या सरावाला काठावर एक मुलगी स्टॉपवॉच घेऊन उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून ती पोहत नाही. रसायनशास्त्र शिकते, आणि संघातल्याच तिघींबरोबर राहते. तिनं भाचीला प्रयोगशाळा दाखवली आणि नाश्त्याला नेलं.

भाचीनं छोट्या कॉलेजला अर्ज केला. डिसेंबरच्या मध्यात होकार आला. चोवीस हजार डॉलर ही लहान रक्कम नव्हे. भावोजींनी जुनी गाडी आणखी चार वर्षं चालवायचं ठरवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. कुणी मंडळात कॉलेजचं नाव विचारलं, की ते दोनदा सांगावं लागतं, एवढी त्यांची तक्रार उरली आहे.

हा निर्णय सगळ्यांसाठी बरोबर असं मी म्हणणार नाही. एखाद्या घरी ते सहा हजारच सगळं ठरवतील, आणि तेही योग्यच. पण दरवर्षी निकालानंतर आपल्याकडेही आईबाप खो-खोची, मल्लखांबाची, पोहण्याची प्रमाणपत्रं फायलीत लावून कॉलेजांच्या पायऱ्या चढतात. खेळामुळे सवलत किती, हे आपण आवर्जून विचारतो. त्याच खिडकीपाशी थोडं थांबून, इथे खेळ सुटलेल्या मुलाचं काय होतं, तेही विचारावं. उत्तर देणारा अडखळला, तर आणखी एक कॉलेज बघायला हरकत नाही.