सायकल मोहीम की थेट देणगी?

मंचरला नाशिक महामार्ग सोडून घोडेगावकडे वळले की पुढे डिंभे धरण आणि भीमाशंकरचा चढ. नारायणगावला वळले तर जुन्नर आणि शिवनेरी. पुण्याच्या सायकलस्वारांच्या हे दोन्ही रस्ते पायाखालचे. त्यावरून एखाद्या सामाजिक कामाच्या निधीसाठी लांब पल्ल्याची मोहीम काढायची म्हटली की मंडळींत दोन तट पडतात, आणि दोन्हीकडची माणसे विचारी असतात.

विरोधकांचा हिशेब सरळ आहे. जर्सी, पदक, मागून येणारा टेम्पो, मुक्काम, जेवण यांवर खर्च करून उरलेले पैसे आदिवासी वाडीला देण्यापेक्षा सगळीच रक्कम थेट का देऊ नये? शिवाय महामार्गावरच्या वाहतुकीचा धोका आहेच. त्याहून बोचणारा आक्षेप फोटोचा. मदत घेणाऱ्याला धनादेशाच्या मोठ्या फलकामागे उभे राहावे लागते आणि त्या दिवशीचा नायक मात्र सायकलवाला ठरतो.

तथापि थेट देणगीचा आग्रह एक गोष्ट गृहीत धरतो, की मोहीम नसती तरी तेवढे पैसे आलेच असते. अनुभव तसा नाही. कोरी पावती पुढे केली की ओळखीचा माणूसही ‘बघू’ म्हणतो. मी इतके किलोमीटर चालवणार आहे, म्हटले की खिशात हात घालतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आळीपाळीने सायकल चालवत नऊ दिवसांच्या आत पुरी केली, ती आदिवासींच्या नेत्रोपचाराचे काम पुढे ठेवून. एरवी त्या कामाकडे किती जणांचे लक्ष गेले असते?

दुसरीकडे, लक्ष जितक्या लवकर येते तितक्याच लवकर जाते. घोडेगाव-मंचरच्या आंबेगाव तालुक्याने हे जवळून पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी तालुक्यातले माळीण गाव दरड कोसळून डोंगराखाली गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे गेली, आणि मदतीचा ओघ लागला. नवे गाव मात्र एप्रिल २०१७ मध्ये उभे राहिले, आणि त्याच पावसाळ्यात तिथले काही रस्ते खचले. गरज तेव्हाही होती. शिवाय मोहिमेचा निधी बहुधा मोजता येईल अशा वस्तूंकडे वळतो: दप्तरे, वह्या, चादरी. आरोग्यसेविकेचे मानधन किंवा रुग्णाला घोडेगावला आणणाऱ्या जीपचे डिझेल फलकावर शोभत नाही. बाळहिरडा गोळा करून अंगणात वाळवणाऱ्या कुटुंबाला व्यापाऱ्याच्या भावावर अवलंबून राहावे लागू नये यासाठी खेळते भांडवल लागते. त्याचा तर फोटोही निघत नाही.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कल सहभागाकडे झुकतो, पण अटींसह. स्वाराने आपला खर्च आपल्या खिशातून करावा आणि देणगीचा हिशेब वेगळा मांडावा. पैसे कशावर खर्चायचे ते गावाने ठरवावे. आणि एकाच गावाची किमान तीन वर्षे साथ करावी. यात आयोजकांचे नुकसान आहे, हे मान्य. दरवर्षी नवे गाव, नवे पोस्टर ही सोय जाते, आणि पदराला खार लावायचा म्हटल्यावर काही हौशी स्वार गळतील. ते गळाले तरी चालेल, असे आम्हांला वाटते; मोठ्या संख्येवर भिस्त ठेवणाऱ्यांना तसे वाटणार नाही.

तारखेचा प्रश्न उरतो. सायकलस्वारांना यायचे असते पावसाळ्यात, डोंगर हिरवे आणि धबधबे सुरू असताना. नेमकी तेव्हाच तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात भाताची लावणी चालू असते आणि सत्कारासाठी माणसे बसवून ठेवली की त्यांचा अख्खा दिवस बुडतो. यायचेच असेल तर स्वागत समारंभ ठेवू नये. पिण्याचे पाणी, शौचालय आणि पंक्चर काढायची सोय एवढ्यावर भागते.